प्रकरण अकरावे : भाजीची तुला

वामनराव नांदगाव पेठेहून आले ते दमणीतून उतरताच बागेकडं वळले. घरात पाय ठेवायच्या आधी त्यांनी संत्र्यांच्या कडेची ती अर्धा एकर जागा पावलांनी मोजून काढली. मग पडवीत येऊन, पाण्याचा तांब्या हातात घेत, भावजयीला सांगितलं की दगडावर दादाचं नाव वर आणि तुमचं खाली असं असेल, तर आपला अंगठा तयार आहे. अंगठा म्हणायची त्यांना सवयच होती. सही त्यांना चांगली झोकदार येत होती.

माणिकबाई शेवंतीचे देठ खुडत बसल्या होत्या. त्यांनी नुसती मान हलवली. ती मान होकाराची की नकाराची हे वामनरावांनी विचारलं नाही. त्यांना तो होकारच दिसला.

अमरावतीच्या कमिटीनं धानोरा पेठेच्या बाळदवाखान्याला दोन पक्क्या खोल्या बांधून द्यायचं ठरवलं होतं. अकरा वर्षं हा दवाखाना राऊतांच्या बागेत, टिनाच्या छपरीत भरत आला होता. आता जागा कायमची द्यायची, आणि दारावरच्या दगडात माणिकबाईंचं नाव कोरायचं, असा कमिटीचा मानस होता. कागदावर तिघांच्या सह्या लागणार होत्या: दीर वामनराव, थोरला मुलगा देवीदास आणि धाकटा सूर्यभान. त्या सहीसाठी सूर्यभान दोन वर्षांनी अकोल्याहून घरी आला होता. चांदूर रेल्वेला गाडीतून उतरून, बैलगाडीनं, बायकोला आणि चार महिन्यांच्या पोराला घेऊन. शकुननं उंबऱ्यात सासूच्या पायाला हात लावला आणि सरळ आत चुलीकडं गेली. पोर तिनं पदराआडून काढलंच नाही.

माणिकबाईंनी नातवाचं तोंड अजून पाहिलं नव्हतं. मागायचा धीर होत नव्हता. ज्या बाईच्या शब्दावर गाव उठत-बसत होतं, ती बाई स्वतःच्या पडवीत चोरासारखी बसली होती, आणि त्याचं कारण घरात एकालाही माहीत नव्हतं.

अकरा वर्षांपूर्वी गोदाबाई नर्स अमरावतीहून इथं आल्या तेव्हा त्यांच्याजवळ पत्र्याची एक पेटी होती आणि डोक्यात एकच खूळ होतं. दर आठवड्याला लेकरांचं वजन करायचं. वाढलं तर बरं, थांबलं तर दवा, उतरलं तर अमरावतीचा मोठा दवाखाना. गावातल्या बायांनी हे सगळं नीट ऐकून घेतलं आणि एकही फिरकली नाही. जितंजागतं लेकरू तराजूत घालायचं म्हणजे हातानं दृष्ट लावून घ्यायची, त्यापेक्षा दाईची अफूची गोळी काय वाईट होती? मोहरीएवढी गोळी जिभेला लावली की लेकरू दुपारभर निजतं आणि माय शेतात निंदायला मोकळी होते. गोदाबाई तीन महिने रिकाम्या छपरीत माश्या वारत बसल्या.

तोड काढली ती माणिकबाईंनी. कौंडण्यपूरच्या जत्रेत लोक नवसाच्या लेकराची गुळानं तुला करतात, तेव्हा कुठं जाते दृष्ट? मग गुळाऐवजी भाजी घालू. बागेतल्या आंब्याच्या फांदीला त्यांनी घरचा मोठा तराजू टांगला. एका पारड्यात लेकरू, दुसऱ्यात वांगी, गवार, भोपळा, जे त्या दिवशी निघेल ते. पारडं टेकलं की माणिकबाई म्हणायच्या, फळली तुला. मग ती भाजी छपरीत गोदाबाईंकडं जायची. तिथं त्या लहान तराजूवर ती शेर, पावशेर, छटाकापर्यंत नेमकी तोलायच्या आणि आकडा वहीत लेकराच्या नावापुढं लिहायच्या. भाजी मायच्या ओटीत. पहिल्या बुधवारी पाच बाया आल्या, महिन्याभरात चाळीस. अमरावतीहून मोठे डॉक्टर ही तऱ्हा पाहायला आले आणि हसत हसत शाबासकी देऊन गेले.

माळ्याच्या घरात पारडं काट्यावर काटा ठेवणं म्हणजे कोतेपणा. गिऱ्हाइकाकडं ते झुकलंच पाहिजे, हे माणिकबाई सासरी आल्या तेव्हाच सासूनं त्यांना शिकवलं होतं. त्यात तुलेचं पारडं अधांतरी राहिलं तर नवस अपुरा राहतो. त्यामुळं त्या दोन वांगी वरून घालायच्याच. माय फाटक्या लुगड्यातली असली, लेकरू रोडकं असलं, की हात आणखी सैल सुटायचा. बाया या हाताचं कौतुक करीत, आणि माणिकबाईंनाही ते आवडत असे, उगाच खोटं कशाला बोला.

दोन वर्षांपूर्वी त्यांची स्वतःची नात गेली. सूर्यभानची पहिली मुलगी, शालू. आठ महिन्यांची होती. शेवटच्या दीड-दोन महिन्यांत पोर किरकिरी झाली, मग गप्प झाली. पण वहीत तिचं वजन चढतच होतं: साडेसहा शेर, पावणेसात, सात. वही म्हणत होती पोर ठणठणीत आहे, आणि पोर तर गेली. मग शोध सुरू झाला. शकुनच्या उशाखाली अफूची पुडी सापडली. शकुननं रडत कबूल केलं की संत्र्यांच्या तोडणीच्या दिवसांत दोनदा दिली होती, दोनदाच. पुढच्या बुधवारी माणिकबाई आंब्याखाली उभ्या राहिल्या आणि चाळीस बायांसमोर बोलल्या. माझ्याच घरात झालं, वही पाहा, लेकरू वाढत होतं, मायच्या अफूनं नेलं. त्या महिन्यात गावातल्या कितीतरी घरांतून अफूच्या पुड्या उकिरड्यावर गेल्या. गोदाबाईंचं तोवरच्या नऊ वर्षांत झालं नाही इतकं काम त्या एका बोलण्यानं झालं. शकुनला मात्र विहिरीवर, देवळात, कुठंही उभं राहणं मुश्कील झालं. तिसऱ्या महिन्यात सूर्यभान तिला घेऊन अकोल्याला गेला आणि तिथं बाजारात फुलं विकू लागला.

हे असंच राहिलं असतं. पण गेल्या बुधवारी कमिटीनं पाठवलेला नवा काटा आला. पांढऱ्या रंगाचा, वर लेकराला निजवायचं पसरट पात्र, खाली सरकणारं वजन. गोदाबाईंनी हौसेनं त्या दिवशीची पहिली अकरा लेकरं आधी तुलेत आणि मग काट्यावर घातली. अकराच्या अकरा काट्यावर हलकी भरली. कुणी पावशेर, कुणी अर्धा. काटाच बिघडलाय म्हणून त्यांनी त्यावर पाच शेरांचं वजन ठेवलं. काट्यानं पाच शेर दाखवलं. तेव्हा गोदाबाई छपरीतून बाहेर आल्या आणि अकरा वर्षांत पहिल्यांदाच माणिकबाईंचा हात नीट पाहिला. सगळ्यात जास्त फरक सगळ्यात रोडक्या लेकरात होता.

बाया गेल्यावर दोघीजणी छपरीत बसल्या. गोदाबाईंनी शालूच्या सालची वही काढली नाही, पण दोघींनाही तीच दिसत होती. दोन गोळ्या बऱ्या नव्हेत, पण त्यानं लेकरू दोन महिने सुकत जात नाही, असं गोदाबाई खाली मान घालून म्हणाल्या. शकुनचं दूध आटलं असणार. वजन उतरताना दिसलं असतं तर आपण वरचं दूध लावलं असतं, अमरावतीला धाडलं असतं. मग त्यांनी माणिकबाईंचा हात धरला. चूक माझीही आहे, मी वळून पाहिलं नाही. पण आता हे दोघींतच राहू द्या, असं म्हणाल्या. आठ दिवस ते दोघींतच राहिलं होतं.

दुपारची जेवणं झाली. पडवीत सतरंजी अंथरली. देवीदासनं कागद वाचला, शब्द चुकला की पुन्हा मागं जाऊन वाचला. वामनरावांनी दगडावरच्या नावांचा क्रम पुन्हा एकदा घोळवला, आणि देवीदासनं काकांच्या मताला मान डोलावली. वडिलांचं नाव वर गेलं की त्याच्या थोरलेपणालाही जरा उंची येणार होती. वामनरावांनी सही केली, देवीदासनं केली. दारात दोन्ही सुना उभ्या होत्या, थोरली कौशल्या पुढं, शकुन मागं. सूर्यभाननं टाक दौतीत बुडवला.

"सूर्यभान, सही नोको करू," माणिकबाई म्हणाल्या. "आंदी मले बोलू दे."

आणि त्या बोलल्या. काट्याचं सांगितलं, अकरा लेकरांचं सांगितलं, पारड्याचं सांगितलं. सांगताना कुणाकडं पाहिलं नाही, सतरंजीच्या काठाकडं पाहत सांगितलं. कुणाला पहिल्यांदा काहीच उमगलं नाही. देवीदासला वाटलं, माय नव्या काट्याची तक्रार करते आहे. मग त्यांनी शालूचं नाव घेतलं तेव्हा सूर्यभाननं टाक खाली ठेवला.

"आपल्या घरची तुला हलकी दिसू नये म्हनून तिच्या पारड्यात म्या सगळ्याईपेक्षा जास्ती भाजी घातली," माणिकबाई म्हणाल्या. "पोरगी हलकी होऊन राह्यली हे मह्या हाताले समजत होतं. उचलताना समजे. पन म्या हाताचं आयकलं नाई, वहीचं आयकलं. अन् वहीत तं मीच भरून राह्यली होती."

मग वामनरावांनी खाकरून घसा साफ केला. वामनराव वाईट माणूस नव्हते, हे इथं सांगितलं पाहिजे. भावाच्या माघारी त्यांनी या घराला कधी अंतर दिलं नव्हतं, आणि ते जे बोलले त्यात काही चूक नव्हती, हेच तर अवघड होतं.

"वैनी, झालं थे झालं. पोरगी काई परत येत नाई," ते म्हणाले. "हे बाहीर गेलं तं बाया काय म्हनतीन, याचा इचार करा. तराजू खोटा, वही खोटी, नर्सबाई खोटी. मंग अफूच खरी. पुड्या पुन्ना घरात येतीन. एका सुनेच्या नावासाठी गावची लेकरं घालवता का?"

देवीदासनं काकांची री ओढली. कमिटीची माणसं उद्याच यायची आहेत, त्यांच्या कानावर गेलं तर खोल्याही जातील, असं तो म्हणाला. शकुनला आपण सगळे मिळून समजावू, घरात तिचा मान ठेवू, तिनं इथंच राहावं, पण गोष्ट घरातच ठेवू. माणिकबाईंना हे पटत होतं. आठ दिवस त्या स्वतःला हेच सांगत आल्या होत्या, याहून चांगल्या शब्दांत.

तेवढ्यात कौशल्या बोलली. जावाजावांचं कधी फार जमलं होतं असं नाही, म्हणून सगळ्यांनी मान वळवून पाहिलं.

"थे पुडी म्याच दाखवली होती," कौशल्या म्हणाली. तिचा आवाज चिरकला. "मह्या दोन्ही पोराईले म्याई देल्ली होती अफू, शकुनच्या आंदी. मह्ये जगले म्हनून कोनी मह्या उशाखाली पाह्यलं नाई. अन् म्या गप बसली."

देवीदास बायकोकडं बघतच राहिला. हे त्यालाही आजच कळत होतं. सूर्यभान मात्र शकुनकडं पाहत होता. दोन वर्षं तो तिच्याबरोबर होता, तिच्यासाठी त्यानं घर सोडलं होतं, पण तू मारलं नाहीस असं तो तिला एकदाही म्हणाला नव्हता. कारण तिनंच मारलं असं त्यालाही वाटत होतं. आता ते बोलायची वेळ निघून गेली होती.

शकुन पुढं आली. पोर तिच्या खांद्यावर झोपलं होतं. ती सासूसमोर खाली बसली. रडेल असं सगळ्यांना वाटलं, पण ती रडली नाही.

"आत्याबाई, मंग शालूचं खरं वजन किती होतं?"

माणिकबाईंनी पुष्कळ प्रश्नांची तयारी केली होती. हा त्यांच्या मनातही आला नव्हता.

"मले नाई माहीत," त्या म्हणाल्या.

"अंदाजानं?"

"अंदाज नाई करता येत, बाई. दरखेपी हात येगळा पडे. कवा पावशेर, कवा शेरभरई असन. आता कोनालेच नाई सांगता येत."

पोरानं झोपेत तोंड हलवलं. मग शकुन अगदी साध्या आवाजात, दूध घालायला आलेल्या बाईशी बोलावं तसं बोलली. शालू गेल्यापासून आपण रात्री उठून उठून हेच मोजत होतो, ती म्हणाली. दोन गोळ्या, की तीन? मोहरीएवढी, की ज्वारीएवढी? हे पोर झालं तेव्हा पहिला महिना त्याला जवळ घ्यायची भीती वाटायची. शेजारीण घ्यायची. आपलाच हात वाईट आहे असं वाटायचं.

माणिकबाईंनी तिच्यापुढं हात जोडले. वयानं, मानानं मोठ्या बाईनं सुनेपुढं हात जोडणं बरं दिसत नाही म्हणून वामनराव उठूनच उभे राहिले. शकुननं ते हात धरून खाली केले, पण मायेनं नव्हे. नकोशी वस्तू बाजूला ठेवावी तसे.

"अथी चार भिंतीत सांगून नाई चालत," ती म्हणाली. "मले जथी बोलल्या, तथीच बोला. आज बुधवार हाय."

वामनराव काही म्हणणार होते. माणिकबाईंनी त्यांना हातानं थांबवलं आणि चपला शोधू लागल्या.

चारच्या सुमाराला आंब्याखाली नेहमीसारखीच गर्दी होती. उन्हं सौम्य झाली होती, बागेतून संत्र्यांचा वास येत होता, आणि बाया ओट्यांतल्या लेकरांना झुलवत एकमेकींशी बोलत बसल्या होत्या. मोठा तराजू फांदीवरून उतरवलेला होता. गोदाबाईंनी माणिकबाईंच्या मागून येणारी शकुन पाहिली आणि काय ते ओळखलं. त्या लगबगीनं पुढं आल्या. वही माझी होती, मला बोलू द्या, असं म्हणाल्या. माणिकबाईंनी नकार दिला. त्या जागी आपण बोललो होतो, गोदाबाई नव्हत्या बोलल्या.

त्या उभ्या राहिल्या आणि सगळं सांगितलं. पडवीत सांगितलं त्यापेक्षा कमी शब्दांत, पण सगळं. शालू अफूनं गेली नाही. शकुनचा दोष नव्हता. पारडं झुकत होतं, वहीतली वजनं जास्तीची होती, आणि रोडक्या लेकरांची सगळ्यात जास्तीची. अफू वाईटच आहे, ती घरात आणू नका. पण माझ्या सुनेला मी जे बोलले ते खोटं होतं, आणि ते मी परत घेते.

एवढं बोलून त्या थांबल्या. आता बाया उठतील, एकेक करून वाटेला लागतील, असंच त्यांना वाटत होतं. वामनराव कुंपणाशी उभे होते, त्यांनाही तेच वाटत होतं. बायांच्या नजरा शकुनकडं वळल्या आणि तितक्याच लवकर खाली गेल्या. पण एकही उठली नाही.

मग मागच्या रांगेतली पार्वताबाई उठली. ती सुनेच्या लेकराला घेऊन आली होती. तिचा स्वतःचा शेवटचा मुलगा, किसन, सहा वर्षांपूर्वी गेला होता. उन्हाळ्यात, कशानं ते कुणालाच कळलं नव्हतं. देवाची मर्जी म्हणून तिनं तो विषय सोडून दिला होता.

"माणिकबाई," ती म्हणाली, "मंग मह्या किसनाचंई?"

माणिकबाईंना किसन लख्ख आठवला. काटकुळे पाय, मोठे डोळे. त्याच्या पारड्यात त्यांनी अख्खा भोपळा वरून घातला होता, आणि पार्वताबाई त्या दिवशी ओटी भरून हसत घरी गेली होती.

"त्याचंई," त्या म्हणाल्या.

"खरं किती होतं मंग?"

"मले नाई माहीत, पार्वताबाई."

पार्वताबाईनं मान हलवली. ती चिडली नाही, ओरडली नाही. तिनं ओरडावं, शिव्या द्याव्यात असं माणिकबाईंना फार वाटलं. ती बाजूला सरली तर तिच्या मागं मनकर्णा उभी होती. तिच्या मागं आणखी दोघी. मग ज्यांच्या मांडीवर जितं लेकरू होतं त्याही उठल्या, कारण घरात आधीचं एखादं गेलेलं होतंच. रांग लागली, तुलेसाठी लागायची तशीच. गोदाबाई छपरीतून जुन्या वह्या घेऊन आल्या, पण कुणी वही उघडायला सांगितलं नाही. प्रत्येक बाई जवळ येऊन आपल्या गेलेल्या लेकराचं नाव घेत होती. माणिकबाई आधी ते नाव आपल्या तोंडानं पुन्हा म्हणत आणि मग तेच एक उत्तर देत. एकही लेकरू त्यांना आठवून पाहावं लागलं नाही. खरं वजन मात्र त्यांना एकाचंही सांगता आलं नाही.